हेतू शुद्ध, मांडव चुकला

नुकताच ‘तर्कसंग्रह’ वाचलेल्या माणसाला लग्नाला बोलावू नये. आमच्या देवासच्या आत्याने मला बोलावलं.

वाटेत धारला उतरलो. तिथे लाट मशिदीपाशी लोखंडी स्तंभ तीन तुकडे होऊन पडलाय. सगळे जोडले तर १३ मीटरांच्या आसपास. जाणकार तो राजा भोजाचा मानतात. रिक्षावाला म्हणाला, ‘‘गांगली तेलन के तराजू की डंडी है. इतनी भारी, और क्या होगी?’’ मला स्फुरण चढलं. म्हटलं, बाबा, भारीपणा तोफेतही असतो नि रुळातही. साध्य, म्हणजे सिद्ध करायचं ते, असेल तिथेही सापडतो आणि नसेल तिथेही, असा हेतू म्हणजे सव्यभिचार, हेत्वाभासातला पहिला! त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि थांबण्याचे पैसे जादा लावले.

देवासला पोचेपर्यंत अंधार पडला. गल्लीत रोषणाई, कंड्यांवर बाफले भाजल्याचा धूर, आत अस्सल मराठी गलका. पंचावयव वाक्य आपोआप जुळलं. प्रतिज्ञा : हाच आत्याचा मांडव. हेतू : इथे मराठी बोलतात. उदाहरण : आमच्या घरचं कुठलंही कार्य. उपनय झाला, निगमन झालं, आणि मी पंगतीत बसलो.

वास्तविक १७२८ पासून पवारांचं राज्य असलेल्या गावात मराठी ऐकू येणं हा कशाचाच पुरावा नव्हे. त्यातून हे देवास! थोरली पाती, धाकटी पाती. एका गावात दोन राजे, ते १९४८ पर्यंत. मग एका रात्री दोन मराठी मांडव असायला कोणाची हरकत?

तिसऱ्या बाफल्यावर तूप ओतताना एका गृहस्थांनी विचारलं, ‘‘आपण कोणाकडचे?’’

‘‘मुलीकडचा,’’ मी ठसक्यात म्हणालो.

‘‘अस्सं? मुलीचा बाप मीच.’’

त्यांनी तूप मात्र अर्धवट थांबवलं नाही. माळवा आहे तो. वर एका पोराला माझ्याबरोबर धाडलं, खऱ्या मांडवापर्यंत.

आत्या दारातच होती. म्हटलं, जेवून आलोय.

‘‘काहीतरीच! बाफले जेवलेला माणूस जागचा हलत नाही. तू चालत आलास की नाही? मग जेवला कुठे असशील?’’

साध्य नाही तिथे हेतूही नाही. व्यतिरेकी अनुमान, चोख. खोट शोधत मी थोडा वेळ उभा राहिलो. तेवढ्यात तिने पान वाढलंसुद्धा.