अतिदक्षता विभागात एकमताने निर्णय कसा घ्यावा : नवशिक्या डॉक्टरांसाठी

साहित्य : व्हेंटिलेटरवरचा एक पेशंट, बाहेर बाकावर बसलेले नातेवाईक, एक सीनियर सर, जमतील तेवढे ज्युनियर, सिस्टर, फिजिओथेरपिस्ट आणि समाजसेवा विभागातल्या मॅडम. शेवटचे तिघे ऐच्छिक.

आधी राउंड घ्या. बेडच्या पायथ्याशी उभं राहून इंग्रजीत चर्चा करा : ट्रॅकिओस्टॉमी करायची की इथेच थांबायचं? सर विचारतील, "टीमचं काय मत?" हा प्रश्न नसतो. ज्युनियरनी मान डोलवावी. झालं एकमत.

एवढ्यात सिस्टर सलाइन बदलत असतील. त्यांना अडवू नका. त्यांची अख्खी ड्युटी याच बेडपाशी जाते. रात्री तीन वाजता मुलगा त्यांनाच विचारतो, "आईला त्रास होतोय का हो?" शुद्धीत असताना त्या माउलीने "आता नळ्या पुरे" म्हटलं होतं, तेही त्यांनीच ऐकलेलं असतं. केसपेपरवर ते येत नाही, कारण त्याला रकाना नाही. फिजिओथेरपिस्ट सकाळीच येऊन गेला. मॅडमना घर गहाण पडल्याचं ठाऊक असतं. त्यांना बिल थकलं की बोलवायचं.

सिस्टर काही बोलल्याच तर "बघू" म्हणा.

केईएम रुग्णालयाची गोष्ट मात्र वाचू नका, पद्धत बिघडेल. तिथल्याच नर्स अरुणा शानबाग यांच्यावर 1973 मध्ये हल्ला झाला. तेव्हापासून 2015 मध्ये त्या जाईपर्यंत नर्सेसनी त्यांना सांभाळलं. सांभाळणाऱ्यांच्या पिढ्या बदलल्या. दयामरणाची याचिका 2011 मध्ये फेटाळताना, अरुणाच्या वतीने बोलण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. नर्सेसचा दयामरणाला विरोध होता. मला तो पूर्ण पटलेला नाही, पण निदान त्यांचं ऐकलं गेलं.

पुढचे नियम तुमच्या सोयीचे आहेत. उपचार थांबवण्याबाबतच्या 2018 च्या निकालातली किचकट प्रक्रिया सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये सोपी केली. जीवरक्षक उपचार थांबवायचे तर दोन मंडळं लागतात. प्राथमिक मंडळात उपचार करणारे डॉक्टर आणि निदान 5 वर्षांचा अनुभव असलेले किमान दोन तज्ज्ञ. दुय्यम मंडळात मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला एक डॉक्टर आणि वेगळे किमान दोन तज्ज्ञ. प्रत्येकाने शक्यतो 48 तासांत मत द्यायचं. पेशंटने नेमलेल्या व्यक्तीची किंवा जवळच्या नातेवाइकांची संमती हवी. मोजून पाहा : दोन्हीकडे मिळून सहा खुर्च्या आणि सहाही डॉक्टरांच्या.

पण सिस्टरना विचारू नये, असंही त्यात कुठे म्हटलेलं नाही. तेव्हा मंडळ बसण्याआधी रात्रपाळीच्या सिस्टरना गाठा, आणि त्या बोलत असतील तोवर मोबाइल खिशातच राहू द्या.