धर्मशाळेतला ड्रोन

परवा कळवणात एका लग्नात नवरदेव घोड्यावर बसला आणि ड्रोन वर गेला. वाजंत्री मंगल कार्यालयाच्या दारात पोचली तोच पडद्यावरचं चित्र आधी चौकोनी-चौकोनी झालं, मग गोठलंच. "बॅटरीचा प्रॉब्लेम," ड्रोनवाला म्हणाला. बॅटरी निम्म्याहून जास्त भरलेली दिसत होती. घोळ लहरींचा होता.

2.4 गिगाहर्ट्झला परवाना लागत नाही, म्हणजे ती धर्मशाळाच. कार्यालयाचा वायफाय, वऱ्हाडाचे हॉटस्पॉट, ब्लूटूथ स्पीकर, सगळ्यांची पथारी तिथेच. मायक्रोवेव्ह भट्टीसुद्धा त्याच ओसरीवर. वरच्या मजल्यावर 5.8, 2018 साली 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सरकारने आणखी जागा मोकळी केली. तिथे गर्दी कमी, चित्राला जागा भरपूर. पण तेवढ्याच अंतरावर, तशाच अँटेनांनी, 2.4 च्या जेमतेम सहावा हिस्सा सिग्नल हाती लागतो. मध्ये डाळिंबाची ओली पानं आली की तोही गेला. डोंगराआड गेलात तर दोन्हींचा नमस्कार.

जाणते म्हणून हुकूम खालच्या लहरीवर पाठवतात आणि चित्र वरच्या. हुकूम चिमूटभर, चित्र गाडाभर.

आता आमचे शूर. परदेशी व्हिडिओ बघून 915 मेगाहर्ट्झ लावतात. अमेरिकेत 902 ते 928 खुला आहे, खरं. आपल्याकडे 890 ते 915 मध्ये मोबाइल टॉवरशी बोलतात. आपली मोकळीक 865 ते 868 एवढीच. 915 लावणं म्हणजे दुसऱ्याच्या पाळीत आपलं दारं धरणं. कांद्याच्या रानात असं केलं असतं तर भाऊबंद काठी घेऊन आले असते. लहर दिसत नाही म्हणून चालतं.

खोक्यावरच्या किलोमीटरांचंही तसंच. ते मोजतात उघड्या माळावर, शेजारी कुणी नसताना. वऱ्हाडात नव्हे.

त्या दिवशीचा ड्रोनवाला तर रिमोटच्या अँटेनांची टोकं बंदुकीसारखी ड्रोनवर रोखून उभा होता. टोकाकडूनच सिग्नल सगळ्यात कमी निघतो. अँटेनाची कूस ड्रोनकडे करायची असते.

कार्यालयवाल्यांना एवढीच विनंती: वरात दारात आली की दहा मिनिटं वायफाय बंद ठेवा.