सोवळ्यातली सीडी

ज्यांच्या घरात अजून चालू सीडी ड्राइव्ह आहे असे एक काका प्रत्येक सोसायटीत असतात. बाकीच्यांचे लॅपटॉप वर्षागणिक पातळ होत गेले आणि त्यांतून ड्राइव्ह हा अवयवच गळून पडला. मग दिवाळीला माळा आवरताना नाट्यगीतांच्या आणि अभंगांच्या सीड्यांची चळत हाती लागते. टाकवत नाही, वाजवायला काही नाही. कुणीतरी म्हणतं, "चौथ्या मजल्यावरच्या काकांना विचारा ना."

विचारण्याआधी विचार करावा.

काका बँकेतून निवृत्त झालेले. ड्राफ्टवरची सही जशी उजेडात तिरकी धरून बघायची, तशी ते तुमची सीडी ट्यूबलाइटखाली धरतात. "कशानं पुसलीस?" तुम्ही खरं सांगता: टॉवेलनं. "गोल गोल?" अर्थातच. इथे काका डोळे मिटतात. सीडीवरचा मजकूर मधून सुरू होऊन गोल फिरत कडेला जातो. गोल पुसलं की ओरखडा त्या मजकुराच्या हातात हात घालून धावतो आणि दुरुस्तीला जागाच उरत नाही. पुसायची ती मधून कडेकडे, सरळ. बरं, लोक जिवापाड जपतात ती चकचकीत बाजू. गाणं असतं छापील बाजूच्या लगेच खाली, आणि तिथेच तुमच्या आत्यानं बॉलपेननं दाबून लिहिलेलं असतं: "वाढदिवसाची भेट". काकांच्या मते ही आत्या गाण्याची वैरीण आहे.

तोवर तुम्ही भीत भीत सांगून टाकता की, एका जुन्या कॉम्प्युटरवर प्रयत्न करून पाहिला होता. बाराच्या बारा गाणी डोळ्याचं पातं लवायच्या आत पेनड्राइव्हवर गेली, पण वाजेनात. काकांना हा किस्सा नवा नसतो, तरी ते दर वेळी नव्यानं हसतात. ऑडिओ सीडीवर फायली नसतातच. विंडोज आपली समजूत काढायला प्रत्येक गाण्यामागे ४४ बाइटची एक चिठ्ठी दाखवतं, गाणं कुठे सुरू होतं आणि किती लांब आहे एवढंच सांगणारी. "म्हणजे तू लग्नाला गेलास आणि पत्रिका जेवून आलास!"

यापुढे धर्मशास्त्र लागतं. मूळ सीडीत दर सेकंदाला ४४,१०० नमुने, तेही डाव्या-उजव्या कानाचे वेगळे. मिनिटाला साधारण १० एमबी. ते जसंच्या तसं ठेवून फक्त घट्ट बांधलं की फ्लॅक होतं, ते सोवळ्यातलं. कानाला जाणवणार नाही म्हणून काही गाळलं की एमपीथ्री, ते ओवळं. "कुणाच्या कानाला?" हा काकांचा प्रश्न, आणि त्याला उत्तर द्यायच्या फंदात पडू नये. पण एका बाबतीत मी काकांच्या बाजूचा आहे. सीडीवर विलंबित संपून द्रुत लागते तिथे श्वासाइतकीही फट नसते. एमपीथ्री बनताना प्रत्येक ट्रॅकच्या टोकांना शांततेचं ठिगळ लागतं, आणि प्लेअरनं ते उसवलं नाही तर ऐन समेच्या तोंडावर बुवांना उचकी लागते.

शिवाय प्रत्येक ड्राइव्ह वाचायला किंचित पुढे किंवा मागे सुरुवात करतो. काकांचा सहा नमुन्यांनी चुकतो. म्हणजे सेकंदाच्या सात-हजाराव्या भागानं. ते दुरुस्त केल्याशिवाय ते बटणाला हात लावत नाहीत. सोसायटीच्या सभेला मात्र तासभर उशिरा येतात.

नावांचं प्रकरण वेगळंच. सीडीवर गाण्यांची नावं बहुधा नसतात. सॉफ्टवेअर ट्रॅक किती आणि किती लांबीचे यावरून कुंडली मांडतं आणि इंटरनेटवरच्या यादीत गोत्र शोधतं. बारा गाण्यांची सीडी सहसा सापडते. पण अख्खा यमन एकाच ट्रॅकमध्ये असेल, तर जगात तेवढ्याच लांबीचं जे काही असेल ते यमनच्या पदरात पडतं. एकदा एका ख्यालाला जर्मन नाव लागलं होतं. काकांनी ते आठवडाभर कुणाला दाखवलं नाही.

म्हणून ते सगळं हातानं भरतात. एमपीथ्रीच्या जुन्या टॅगमध्ये नावाला ३० अक्षरांची मर्यादा. आपल्या अभंगांची नावं तिथे दारातच अडतात, आणि देवनागरी लिहिली तर प्रश्नचिन्हांची रांग उभी राहते. संगीतप्रकाराच्या यादीत शून्य क्रमांकाला ब्लूज. त्यामुळे आळसानं सोडलेला रकाना तुकोबांना थेट ब्लूजमध्ये नेऊन बसवतो. क्रमांक न घालता गीतरामायण भरलं, तर प्लेअर छप्पन्न गाणी अकारविल्हे लावतो, आणि रामजन्माच्या आधी सीतास्वयंवर उरकतं. काकांनी हे आपल्या जावयाच्या फोनवर पाहिलं. त्यानंतर जावयाशी ते जपूनच बोलतात.

एवढं करूनही त्यांना झोप लागत नाही, कारण टॅली बाकी असते. काढलेली प्रत जगभरातल्या इतरांच्या प्रतींशी ताडून बघायची सोय आहे. जुळली की काका पेढे वाटायचेच बाकी ठेवतात. पण मराठी सीड्यांना उत्तर येतं की, ही सीडी यादीतच नाही. म्हणजे जगात आपण एकटे. मग ते तीच सीडी आणखी कुणाकडे आहे का, ते शोधत फिरतात.

तुमची सीडी निघाली बी विंगमधल्या एका गृहस्थांकडे. पार्किंगवरून काकांनी त्यांच्याशी अबोला धरला होता. काका स्वतः जिना उतरून गेले. चहा झाला, सीडी आली, दोन्ही प्रती ताडल्या. अकरा ट्रॅक तंतोतंत जुळले. सातवा जुळेना.

दोन्ही सीड्या आरशासारख्या स्वच्छ, त्यामुळे खोट समोरच्याच्या सीडीत आहे याबद्दल दोघांचंही एकमत. पार्किंगचा विषय आता कुणी काढत नाही. रोज संध्याकाळी काकांच्या खोलीतून सातवा ट्रॅक दोनदा ऐकू येतो, आणि मग चढलेले आवाज.

तुम्ही आपली सीडी मागायला गेलात, तर काका दार किलकिलं करून सांगतात, "आत्ता नाही देता येणार रे. तो पुरावा आहे."