उंदराची बदली

उंदीर पकडणे ही कला आहे. पकडलेल्या उंदराचे करायचे काय, हा मात्र धोरणाचा प्रश्न असतो, आणि धोरण म्हटले की आपल्या घराघरांत मतभेद सुरू होतात.

रात्री ओट्याखाली खट् आवाज होऊन पिंजऱ्याचे दार पडते. सुक्या बोंबलाच्या तुकड्यापायी उंदीरमामा अडकतात. इथवर घरात एकजूट असते. सकाळी आजी म्हणतात, "गणपतीचं वाहन आहे, मारायचं नाही हं." सूनबाई विचारतात, "मग वॉशिंग मशीनची वायर कुरतडली ती कुणाच्या वाहनानं?" रात्रभर गाढ झोपेचे सोंग घेतलेले घरचे कर्ते पुरुष अखेर तोडगा काढतात, "थांबा, लांब कुठंतरी सोडून येतो."

हे 'लांब कुठंतरी' शेजारच्या सोसायटीच्या कंपाउंडला लागून असते.

गुन्हा शाबीत, मुद्देमाल हस्तगत, आरोपी गजाआड. तरी शिक्षा काय, तर बदली! ही परंपरा आपण कुठून उचलली, हे सांगायला नकोच. शेजारची सोसायटीही स्वाभिमानी असल्यामुळे तिचे उंदीर आपल्याकडे रुजू होतात. त्यातून जवळपास सोडलेला उंदीर वाट काढत मूळ जागी परततो; त्यासाठी त्याला मंत्र्याची चिठ्ठी लागत नाही. आणि समजा नाहीच परतला, तरी पद रिक्त राहत नाही. मादी तीन आठवड्यांत विते आणि एका वेळी सात-आठ पिल्ले देते. इतकी तत्पर भरती दुसऱ्या कुठल्याही खात्यात होत नाही.

घरात एक जहाल गटही असतो. त्याचा भरवसा पाण्याच्या बादलीवर किंवा चिकट पुठ्ठ्यावर. पुठ्ठ्यावर चिकटलेला प्राणी तासन्‌तास तडफडतो. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने या पुठ्ठ्यांना विरोध केला आहे. दुकानदाराने तो अजून वाचलेला नाही. शिवाय घाबरलेला उंदीर मुततो, आणि खरी गोम तिथेच आहे. चावेल म्हणून सगळे चार हात लांब उभे राहतात. लेप्टोस्पायरोसिसची लागण मात्र मुताने दूषित झालेल्या पाण्यातून, पायावरच्या साध्या जखमेवाटेही होते. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने हे पुरेपूर भोगले.

म्हणून रीत अशी : हातमोजे घालावेत. पिंजऱ्यावर जुने फडके टाकावे. अंधारात उंदीर शांत होतो. पुढचे काम पालिकेच्या कीटकनाशक खात्याकडे किंवा जाणत्या माणसाकडे सोपवावे. मेला असेल तर एकात एक अशा दोन पिशव्यांत घट्ट बांधावा. लेंड्या कोरड्या झाडू नयेत. ब्लीचच्या पाण्याने भिजवून, पाच-दहा मिनिटे थांबून पुसाव्यात. पिंजरा घराबाहेर धुऊन उन्हात वाळवावा.

प्रत्यक्षात पिंजरा उघड्या हाताने उचलून लिफ्टमधून मिरवत नेतात. वाटेत मुलांना दर्शन घडवतात, फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकतात, त्यावर हात जोडलेली चित्रे येतात. मग रिकामा पिंजरा स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये विसळून त्याच हाताने कांदेपोहे परततात.

खरा गुन्हेगार सोडून बाकी सगळ्यांवर कारवाई करण्यात आपला अनुभव जुना आहे. १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. सरकारने घरे धुतली, गटारे धुतली, भिंतींना चुना फासला, माणसांना उचलून छावण्यांत नेले. उंदराच्या अंगावरच्या पिसवेकडे पॉल-लुई सिमाँ यांनी बोट दाखवले ते १८९८ मध्ये, कराचीत. तेही कित्येक वर्षे कुणी मनावर घेतले नाही.

पुढे आपण हिशेबातही प्रगती केली. मंत्रालयात सात दिवसांत ३,१९,४०० उंदीर मारल्याचा हिशेब २०१८ मध्ये एकनाथ खडसे यांनी विधानसभेत मांडला. खुलासा आला की आकडा उंदरांचा नसून विषाच्या गोळ्यांचा आहे. लोक उगाच हसले. आपणही 'दोन पिंजरे लावलेत' असेच अभिमानाने सांगतो; भिंतीला भोके किती, हे कुणी मोजलेले असते?

अर्ध्या इंचाच्या फटीतून उंदीर आत शिरतो. ड्रेनेजच्या पाइपाभोवतीची जागा सिमेंटने बुजवावी, डक्टला जाळी बसवावी, कचऱ्याच्या डब्याला झाकण लावावे आणि रात्रीचा उरलेला भात खिडकीतून भिरकावू नये, एवढे केले की पाहुण्यांचे येणे आपोआप कमी होते. पण यात खट् असा आवाज होत नाही. फोटो काढण्यासारखे काही नसते. आजी आणि सूनबाई यांचे एकमत होण्याचा धोका असतो तो वेगळाच.

तरीही एका सोसायटीने हा विषय सर्वसाधारण सभेपुढे घेतला म्हणे. भोके बुजवण्यासाठी वर्गणी काढण्याच्या ठरावावर सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली. अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरलेल्या सभेत नवा, मोठा पिंजरा घेण्याचा आणि तो शेजारच्या सोसायटीच्या भिंतीलगत उघडण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. आभारप्रदर्शनानंतर सभासदांनी वडापावचे कागद डक्टमध्ये टाकले आणि सभा संपली.