सोळाशे एकपासूनचा हिशेब

क्रोम ब्राउझर वेळ मोजतो १ जानेवारी १६०१ पासून, तीही मायक्रोसेकंदांत. शिवजन्माला तेव्हा २९ वर्षे अवकाश होता. एवढ्या ऐतिहासिक पायावर उभा राहून तो नोंदवतो काय? तर ‘पोट कमी करण्याचे सोपे उपाय’ हे पान साहेबांनी रात्री पावणेबाराला पुन्हा उघडले.

दप्तर मात्र चोख. ‘हिस्टरी’ नावाची एक एसक्यूलाइट फाइल. तिच्या एका तक्त्यात पानाचा पत्ता, शीर्षक, एकूण भेटी आणि त्यांतल्या किती वेळा पत्ता स्वतःच्या बोटांनी टाइप केला, याची वेगळी गणती. दुसऱ्यात प्रत्येक भेटीची वेळ आणि कुठल्या पानावरून स्वारी आली, तेही. चित्रगुप्तानेही एवढी चौकशी केली नसती. पण तो ९० दिवसांनी वही पुसत नाही, क्रोम पुसतो.

फायरफॉक्स त्याहून हुशार. पान कितीदा आणि किती अलीकडे पाहिले, याचे तो गुण काढतो आणि भर मीटिंगमध्ये पहिले अक्षर टाइप होताच गुणवत्ता यादी पडद्यावर झळकवतो.

उरली गुप्त खिडकी. ती बंद केली की घरातली वही कोरी. मात्र संकेतस्थळे आणि इंटरनेट पुरवणारी कंपनी यांचे डोळे उघडेच. २०२० मध्ये अमेरिकेत याच मुद्द्यावर गूगलवर खटला झाला. २०२४ च्या तडजोडीत कंपनीने अब्जावधी नोंदी नष्ट करायचे मान्य केले. म्हणजे गुप्तपणे पाहिलेले किती जपून ठेवले होते, हेही जगाला कळले.