समुद्र दाखवायचा असेल तर आधी खिडक्या बंद कराव्यात

सदर मार्गदर्शिका काशीद व आसपासच्या शाळांत नव्याने हजर होणाऱ्या शिक्षक बंधुभगिनींसाठी आहे. अलिबागहून मुरूडकडे येताना डाव्या हाताला फणसाडचं जंगल, उजव्या हाताला सुरूची झाडं आणि त्यापलीकडे दर्या, अशा ठिकाणी आपली नेमणूक झाली म्हणून नातेवाईक अभिनंदन करतील. ते स्वीकारावं. आमची शाळा नेमकी कुठली ते सांगत नाही, कारण लेखिकेला निवृत्तीला अजून सहा वर्षं आहेत.

साहित्य: मोबाइल एक (स्वतःचा, नेटपॅकसह), प्रोजेक्टर एक (लोकवर्गणीतला), जुनी चादर एक. चादर पडद्यासाठी नाही, खिडकीसाठी आहे. पडदा म्हणून भिंत चालते.

प्रथम घटक निवडावा. आम्ही तिसरी-चौथीच्या जोडवर्गासाठी ‘समुद्रकिनारा’ निवडला. मग इंटरनेटवर शोध घ्यावा. शाळेत रेंज नसते, टेकडीच्या वळणावर असते. तिथे स्कूटर लावून उभं राहिल्यास येणारे-जाणारे काय झालं म्हणून विचारतात; ‘समुद्र शोधतेय’ असं खरं उत्तर देऊ नये. व्हिडिओ आदल्या दिवशीच उतरवून ठेवावा, दीक्षा ॲपवर तशी सोय आहे. शनिवारवर तर मुळीच विसंबू नये. शनिवारी आपली सकाळची शाळा, आणि त्याच सकाळी पुण्या-मुंबईच्या गाड्या किनाऱ्यावर. उंटावर बसलेला प्रत्येक माणूस तेव्हाच्या तेव्हा घरच्यांना व्हिडिओ कॉल लावतो आणि आपल्या चौथीच्या पाठाचं चाक तासभर गोल फिरत राहतं.

आता प्रत्यक्ष अध्यापन. उजेडात भिंतीवर काही दिसत नाही, म्हणून पश्चिमेच्या खिडकीवर चादर लावावी. या खिडकीतून समुद्र दिसतो. तो दिसेनासा झाला की व्हिडिओतला समुद्र सुरू करावा. आमच्या व्हिडिओत तो शाईसारखा निळा होता, वाळू मिठासारखी पांढरी, आणि होडी एकही नाही. शेवटच्या रांगेतून आवाज आला, “बाई, ह्यो दर्या आपला नाय.” दुर्लक्ष करावं.

पाचव्या मिनिटाला व्हिडिओतल्या ताईंनी सांगितलं की चंद्राच्या आकर्षणामुळे भरती-ओहोटी होते. तेवढ्यात चौथीतला एक मुलगा उभा राहिला. त्याला घरी जायचं होतं. का, तर ओहोटी लागलीय, आई खडपावर कालवं काढायला गेलीय आणि कोयता घरीच राहिलाय. मी विचारलं, तुला इथे अंधारात बसून कसं कळलं रे ओहोटी आहे ते? तो म्हणाला, “आज षष्ठी ना? सहाची पाऊणपट साडेचार. साडेचारला भरती, म्हंजे आता सुकती.” कोणी शिकवलं? आजीनं. आजी शाळेत गेलेली नाही.

मी मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक उघडलं (ते सुदैवाने उतरवलेलं होतं). दहा-बारा मिनिटांचा फरक निघाला. चंद्र रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येतो, त्यामुळे भरतीही तेवढीच पुढे सरकते. आजी प्रत्येक तिथीला पाऊण तास धरते. अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या आसपास, तिथून पाऊण-पाऊण तास पुढे. पावकी, निमकी, पाऊणकी हे पाढे आपण पुस्तकातून कधीच काढून टाकले. तिच्याकडे मात्र पाऊणकी कामाला आहे.

अशा प्रसंगी मार्गदर्शन स्पष्ट आहे: विद्यार्थ्यास खाली बसवावे, व्हिडिओची चार मिनिटं अजून बाकी असतात. मी त्याला कोयता द्यायला पाठवलं, ही प्रशासकीय चूक समजावी.

फोटो हा पाठाचा गाभा आहे. पण अंधारात फोटो येत नाही. म्हणून चादर थोडी बाजूला करावी. चादर सरकली की भिंतीवरचा समुद्र पुसला जातो, खिडकीतला दिसू लागतो आणि सगळ्या माना तिकडे वळतात. आमच्या फोटोत कोरी भिंत आहे आणि बावीस मुलं तिच्याकडे पाठ करून बसली आहेत. ग्रुपवर टाकला. अकरा अंगठे आले.

टाचणाबाबत. स्वतः लिहू नये. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या कितीतरी शिक्षकांनी रात्री जागून, पदरचे पैसे घालून ब्लॉग चालवले. टाचणं, परिपाठ, स्वाध्याय, सगळं तयार असतं. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी तर पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले आणि 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळवून अर्धी रक्कम इतर नऊ जणांना वाटून टाकली. त्यांच्या वर्गातल्या मुलांची घरची भाषा कानडी होती, म्हणून ते आधी कानडी शिकले. हा भाग कोडमध्ये येत नाही, त्यामुळे आपल्याला लागू नाही. आपण फक्त कॉपी करून शाळेचं नाव बदलावं. मी नाव बदललं होतं, पण खाली ‘परिसर भेट: शेजारील उसाचा फड’ तसंच राहिलं. साहेबांनी त्यावर ‘छान’ असा शेरा देऊन सही केली. काशीदला उसाचा रस मिळतो, गाडीवर.

वीज नसल्यास काय करावे? 3 जून 2020 ला निसर्ग वादळ अलिबागच्या खालच्या अंगाला किनाऱ्यावर आदळलं. सुरू आडवे झाले, घरांचे पत्रे उडाले, विजेचे खांब वाकले. 15 जूनला शैक्षणिक वर्ष ऑनलाइन सुरू झालं. रोजच्या अभ्यासाच्या लिंक मला टेकडीच्या वळणावर मिळायच्या आणि मी त्या पुढे पाठवायचे, बंद पडलेल्या फोनांना. त्या महिन्याचा अहवाल मी भरला आहे, त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

शेवटी, कधीमधी स्वतःचाही पाठ लिहावा लागतो. त्या कोयतेवाल्या मुलाच्या आजीला पायरीवर बसवून मी ‘भरतीची पाऊणकी’ लिहून काढली. प्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंतचा तक्ता केला, पंधरा दिवस मुलांनी खडपावर काठी रोवून वेळा नोंदवल्या, कुठे अर्धा तास चुकला तेही लिहिलं आणि सगळं ब्लॉगवर टाकलं. वर्षभर कुणी ढुंकून पाहिलं नाही.

परवा तो पाठ एका ग्रुपवर फिरत माझ्याकडेच परत आला. शाळेचं नाव व्यवस्थित बदललेलं होतं. गाव समुद्रापासून चारशे किलोमीटरवर. खाली निष्पत्ती लिहिली होती: ‘विद्यार्थ्यांनी ओहोटीच्या वेळी शाळेजवळील किनाऱ्यावर जाऊन कालवांचे निरीक्षण केले.’ त्याखाली लाल शाईत शेरा आणि सही.

छान.