ब्राउझरची दर्शनबारी: एक सोपपत्तिक विवेचन

पंढरपुरात महाद्वाराकडे निघालेल्या भाविकाला ‘माऊली, चपला इथं सोडा, पैसे नाहीत’ अशी हाक येते, चपला सुटतात आणि पाठोपाठ तुळशीचा हार, बुक्का व पेढ्यांचा पुडा हाती पडून हिशेब होतो. या क्रियेस संगणकशास्त्रात रीडायरेक्ट, म्हणजे मागितलेल्या पत्त्याऐवजी परस्पर दुसऱ्या पत्त्यावर केलेली रवानगी, असे म्हणतात. फरक इतकाच की हार घेऊन का होईना, पंढरपुरातला माणूस विठोबापर्यंत पोहोचतो; मोबाइलवर द्वादशीच्या पारण्याची वेळ शोधणारा मात्र रमीच्या डावात बसवला जातो.

यावर प्रथमोपचार म्हणून क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये ‘पॉप-अप आणि रीडायरेक्ट’ बंद असल्याची खात्री करावी, आणि तेथल्याच नोटिफिकेशनच्या यादीतून, पूर्वी घाईघाईत ‘अलाऊ’ दाबून घरात घेतलेली मंडळी एकेक करून बाहेर काढावी.

खरा इलाज जाहिरातरोधक होय. हे ब्राउझरला जोडायचे एक्स्टेन्शन जाहिरातवाल्या सर्व्हरांची यादी जवळ बाळगते आणि उघडलेल्या पानाने तिकडे केलेली मागणी यंत्राबाहेर पडण्याआधीच अडवते. रेमंड हिल यांचे यूब्लॉक हे असेच एक एक्स्टेन्शन २०१४ साली आले, आणि त्याच वर्षीच्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरातील वंशपरंपरागत हक्क संपले. या दोहोंत कार्यकारणभाव आहे असा दावा नाही, तथापि अभ्यासकांनी तिकडे अगदीच डोळेझाक करू नये. यूब्लॉकचा पुढचा अवतार, यूब्लॉक ओरिजिन, क्रोमचे एक्स्टेन्शनविषयक नियम बदलल्यामुळे आता क्रोममध्ये पूर्वीसारखा चालत नाही, आणि अँड्रॉइडवरच्या क्रोमला तर एक्स्टेन्शन जोडताच येत नाही, म्हणून मोबाइलधारकांनी फायरफॉक्सची दिंडी धरावी.

द्वारपालही पारखून घ्यावा. ॲडब्लॉक प्लस या जाहिरातरोधकात २०११ पासून ‘स्वीकारार्ह जाहिराती’ नावाची सोय आहे, जिच्यामुळे फार गलका न करणाऱ्या जाहिराती आत सोडल्या जातात आणि बड्या कंपन्या त्यासाठी शुल्कही मोजतात. बारीत तासन्‌तास उभे राहून शेजारून व्हीआयपी पुढे सरकताना पाहिलेल्या वारकऱ्याला हे तत्त्व उलगडून सांगण्याचे कारण नाही. ही सोय सेटिंगमधून बंद करता येते. व्हीआयपींसाठी असे बटण अद्याप उपलब्ध नाही.

राहता राहिली ‘आधी ॲडब्लॉकर बंद करा’ असे बजावून मजकूर झाकणारी पाने. तेथे हुज्जत घालू नये. आषाढीच्या गर्दीत असंख्य वारकरी जसे नामदेव पायरीला डोके टेकवून आणि कळस पाहून परततात, तसे मथळा वाचावा, हात जोडावेत आणि मागे फिरावे.